चढ उभा, वाट आखूड : त्रिकोणातील असमानतेची प्रमेये

नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी ही तीन ठिकाणे पट्टीने जोडली, तर एक त्रिकोण तयार होतो. रस्त्यांची वळणे बाजूला ठेवून सरळ रेषेत मोजले, तर नाशिक ते त्र्यंबकेश्वर सुमारे २८ किलोमीटर, त्र्यंबकेश्वर ते इगतपुरी सुमारे २६ किलोमीटर आणि नाशिक ते इगतपुरी सुमारे ४१ किलोमीटर भरते. आता कोनमापक न लावता सांगायचे आहे, की या त्रिकोणाचा सर्वांत मोठा कोन कोणत्या गावापाशी आहे. उत्तर त्र्यंबकेश्वर. ते शोधायला फक्त एवढेच पाहावे लागते, की ४१ किलोमीटरची सर्वांत लांब बाजू त्र्यंबकेश्वराला कुठेही भिडत नाही; ती त्याच्या बरोबर समोर आहे. त्याच न्यायाने सर्वांत लहान कोन नाशिकपाशी आहे, कारण नाशिकच्या समोरची बाजू २६ किलोमीटरची, म्हणजे तिन्हींत लहान आहे.

शाळेच्या भूमितीत आपला बहुतेक वेळ समानता दाखवण्यात जातो. हा कोन त्या कोनाएवढा, हा त्रिकोण त्या त्रिकोणाशी एकरूप, हे गुणोत्तर त्या गुणोत्तराएवढे. ‘कोण कोणापेक्षा मोठे’ हे सांगणारी प्रमेये मोजकीच असतात, परीक्षेत त्यांना गुणही थोडेच असतात, आणि त्यामुळे ती पाठ करून पुढे जाण्याची सवय लागते. माझ्या मते हे उलटे आहे. या चार-पाच प्रमेयांमध्ये प्रत्येक पुढचे प्रमेय आधीच्या प्रमेयाच्या खांद्यावर उभे असते आणि ही उतरंड इतकी छोटी आहे, की सिद्धता म्हणजे काय हे एखाद्याला एका बैठकीत दाखवायचे असेल, तर याहून सोयीचे ठिकाण मला सुचत नाही.

पहिले प्रमेय असे : त्रिकोणाच्या दोन बाजू असमान असतील, तर मोठ्या बाजूसमोरील कोन लहान बाजूसमोरील कोनापेक्षा मोठा असतो. दुसरे प्रमेय त्याचा व्यत्यास आहे : दोन कोन असमान असतील, तर मोठ्या कोनासमोरील बाजू लहान कोनासमोरील बाजूपेक्षा मोठी असते. भाषा कोरडी आहे, पण अनुभव ओळखीचा आहे. ज्याच्या कुशीत पांडवलेणी आहेत तो त्रिरश्मी डोंगर महामार्गावरून पाहिला, तर त्याची आकृती पुष्कळशी त्रिकोणी दिसते. असाच एक डोंगर कागदावर काढू. माथा ‘अ’, पायथ्याची एका पातळीवरची दोन टोके ‘ब’ आणि ‘क’. समजा, ब कडचा चढ उभा आहे आणि क कडचा चढ सावकाश आहे, म्हणजेच ब पाशी असलेला कोन क पाशी असलेल्या कोनापेक्षा मोठा आहे. डोंगर चढलेल्या कोणालाही ठाऊक असते, की उभ्या चढाची वाट दमवते, पण आखूड असते, आणि सावकाश चढाची वाट लांबून जाते. म्हणजे ‘अब’ लहान आणि ‘अक’ मोठी. कोन ब च्या समोर कोणती बाजू आहे ते पाहावे : अक. प्रमेय नेमके हेच म्हणते.

मुलांची सर्वांत जास्त चूक इथेच होते. मोठ्या कोनाला लागून असलेली बाजू मोठी, असे त्यांना वाटते, कारण कोन आणि त्याच्या भुजा डोळ्यांना एकत्र दिसतात, समोरची बाजू मात्र दूर असते. डोंगराच्या चित्रात ही चूक लगेच पकडता येते. उभ्या चढाला लागून असलेली वाट आखूडच असते.

आणखी एक सावधगिरी बाळगायला हवी. ही प्रमेये केवळ क्रम सांगतात, प्रमाण सांगत नाहीत. कंपासपेटीतील ३०, ६० आणि ९० अंशांचा गुण्या घ्यावा. त्यातील ६० अंशांचा कोन ३० अंशांच्या कोनाच्या दुप्पट आहे, म्हणून त्याच्या समोरची बाजूही दुप्पट असेल असे वाटते, पण तसे नसते. सर्वांत लहान बाजू १० सेंटिमीटर असेल, तर मधली बाजू सुमारे १७.३ सेंटिमीटर आणि सर्वांत मोठी २० सेंटिमीटर असते. कोन एकास दोन, दोनास तीन असे वाढले. बाजूंचा क्रम तोच राहिला, पण प्रमाण वेगळे पडले. नेमके प्रमाण हवे असेल तर त्रिकोणमितीकडे जावे लागते. तिथे बाजू समोरच्या कोनाशी नव्हे, तर त्या कोनाच्या साइनशी प्रमाणात असते. आपल्याला इथे तेवढे खोल जाण्याची गरज नाही.

आता सिद्धतेकडे वळू. एक कागदी त्रिकोण कापून घ्यावा, ज्यात अक ही बाजू अब पेक्षा स्पष्टपणे मोठी असेल. शिरोबिंदू अ पाशी कागदाची अशी घडी घालावी, की अब ही बाजू अक वर तंतोतंत बसेल. ही घडी म्हणजे कोन अ चा दुभाजक. तो बक या बाजूला जिथे मिळतो, त्या बिंदूला ‘म’ म्हणू. अब लहान असल्याने बिंदू ब हा क पर्यंत पोहोचणार नाही, तो अक च्या मध्येच कुठेतरी उतरेल. त्या जागेला ‘न’ म्हणू. घडीमुळे कोनाचे माप बदलत नाही, म्हणून न पाशी आता जो कोन ‘अनम’ दिसतो, तो मूळच्या कोन ब एवढाच आहे. उरलेल्या छोट्या त्रिकोणाकडे, म्हणजे ‘नमक’ कडे लक्ष द्यावे. कोन अनम हा या छोट्या त्रिकोणाचा बाह्यकोन आहे, म्हणजे कन ही बाजू पुढे वाढवल्यावर बाहेर होणारा कोन, आणि कोन क हा त्याचा दूरस्थ आंतरकोन आहे, म्हणजे त्याला लागून नसलेला आतला कोन. बाह्यकोन दूरस्थ आंतरकोनापेक्षा मोठा असतो. म्हणून कोन ब हा कोन क पेक्षा मोठा. सिद्धता संपली. घडी उलगडून पाहिली, तर कोन ब हा कोन क पेक्षा नेमका कितीने मोठा आहे, तेही समोर असते : छोट्या त्रिकोणात म पाशी जो कोन उरतो, तेवढ्याने.

या सिद्धतेत एक गोष्ट आपण उसनी घेतली, ती म्हणजे बाह्यकोन दूरस्थ आंतरकोनापेक्षा मोठा असतो हे विधान. शाळेत ते सोपे वाटते, कारण तिथे त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते हे आधी शिकवलेले असते आणि त्यावरून बाह्यकोन हा दोन्ही दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेएवढा असतो हे सहज निघते. बेरजेएवढा आहे, म्हणजे प्रत्येकापेक्षा मोठा आहेच. परंतु ग्रीक गणिती युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास भूमितीची मांडणी केली, तेव्हा त्याने हा मार्ग घेतला नाही. त्याच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात बाह्यकोनाची असमानता १६व्या क्रमांकावर आहे आणि तीन कोनांची बेरीज ३२व्या. मधल्या टप्प्यावर, २९व्या विधानापाशी, तो समांतर रेषांविषयीचे आपले गृहीतक पहिल्यांदा वापरतो. म्हणजे १६व्या विधानाला त्या गृहीतकाची मदतच घेतलेली नाही.

मग त्याने ते कसे सिद्ध केले? त्रिकोण अबक घेऊन बक ही बाजू क च्या पुढे ‘ड’ पर्यंत वाढवली. अक चा मध्यबिंदू ‘इ’ घेतला, ब पासून इ पर्यंत मध्यगा काढली आणि ती तेवढीच पुढे ‘फ’ पर्यंत नेली. आता त्रिकोण अइब आणि त्रिकोण कइफ बाकोबा कसोटीने एकरूप होतात : दोन बाजू समान आणि त्यांच्यामधले कोन विरुद्ध कोन म्हणून समान. त्यामुळे कोन अ हा कोन इकफ एवढा झाला. पण बिंदू फ हा बाह्यकोन अकड च्या आतल्या भागात पडलेला आहे, म्हणून कोन इकफ हा त्या बाह्यकोनाचा केवळ एक तुकडा आहे. तुकडा पूर्णापेक्षा लहान. म्हणजे कोन अ हा बाह्यकोनापेक्षा लहान. या ओळी वाचताना ‘फ आतल्या भागात पडतो’ हे वाक्य आकृतीकडे पाहून आपण सहज मान्य करतो; त्याकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत, म्हणून ते लक्षात ठेवावे.

दुसरे प्रमेय, म्हणजे व्यत्यास, सिद्ध करण्यासाठी नवी आकृती लागत नाही. कोन ब हा कोन क पेक्षा मोठा आहे, हा पक्ष. अक आणि अब यांच्यात तीनच शक्यता आहेत : अक लहान, दोन्ही समान, किंवा अक मोठी. दोन्ही समान असत्या, तर त्रिकोण समद्विभुज झाला असता आणि कोन ब व कोन क समान निघाले असते; तसे नाही. अक लहान असती, तर पहिल्या प्रमेयाने कोन ब लहान निघाला असता, तेही नाही. उरली तिसरी शक्यता. काहींना ही अप्रत्यक्ष सिद्धता फसवी वाटते, जणू काही न करता उत्तर मिळाले. प्रत्यक्षात काम पहिल्या प्रमेयाने केलेले आहे. इथे फक्त दोन दारे बंद करून तिसऱ्याने बाहेर पडायचे आहे.

या व्यत्यासातून लगेच हाती येणारा निष्कर्ष छोटा आहे, पण पुढे सर्वत्र उपयोगी पडतो. काटकोन त्रिकोणात काटकोन हा सर्वांत मोठा कोन असतो, म्हणून त्याच्या समोरची बाजू, कर्ण, ही सर्वांत मोठी बाजू असते. म्हणूनच रेषेबाहेरच्या बिंदूपासून त्या रेषेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर लंबाचेच असते. द्राक्षबागेच्या कडेला मांडवाचा शेवटचा खांब आत ओढला जाऊ नये, म्हणून त्याच्या वरच्या टोकापासून जमिनीत पुरलेल्या दगडापर्यंत तिरपी तार ताणलेली असते. खांब उभा असेल, तर ती तार खांबाच्या उंचीपेक्षा लांब लागणार, हे दगड कुठेही पुरला तरी ठरलेले आहे. तार विकत आणताना खांबाच्या उंचीवर अंदाज बांधला तर ती कमीच पडते.

आता सर्वांत प्रसिद्ध असमानता : त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा मोठी असते. एखाद्या रिकाम्या आयताकृती प्लॉटच्या कडेने न जाता माणसे कर्णाने पायवाट पाडतात, ती याच प्रमेयावर. प्लॉट ३० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब असेल, तर कडेने ७० मीटर चालावे लागते, कर्णाने ५०. युक्लिडच्या या प्रमेयाची चेष्टा प्राचीन काळीच झाली होती. पाचव्या शतकातील भाष्यकार प्रोक्लस सांगतो, की ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या पंथातील लोक म्हणत, हे तर गाढवालाही कळते. एका टोकाला गवत ठेवले आणि दुसऱ्या टोकाला गाढव उभे केले, तर ते दोन बाजूंनी वळसा घालून न जाता सरळ गवताकडे जाते. प्रोक्लसने दिलेल्या उत्तराचा आशय असा, की एखादी गोष्ट खरी आहे हे इंद्रियांना जाणवणे वेगळे आणि ती का खरी आहे याचे कारण देणे वेगळे.

हे कारण सावलीच्या मदतीने देता येते. त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजू बक जमिनीवर ठेवावी आणि अ हे टोक वर असावे. सूर्य बरोबर डोक्यावर आहे असे मानावे. तिरप्या बाजू अब ची सावली जमिनीवर पडेल ती ब पासून अ च्या थेट खालच्या बिंदूपर्यंत, आणि अक ची सावली त्या बिंदूपासून क पर्यंत. दोन्ही सावल्या मिळून बक पूर्ण झाकली जाते. पण प्रत्येक सावली ही एका काटकोन त्रिकोणातील भुजा आहे आणि जिची ती सावली आहे, ती तिरपी बाजू त्याच त्रिकोणाचा कर्ण आहे. कर्ण नेहमी मोठा. म्हणून अब आपल्या सावलीपेक्षा मोठी, अक आपल्या सावलीपेक्षा मोठी, आणि दोघींची बेरीज बक पेक्षा मोठी. सर्वांत मोठी बाजूच जमिनीवर का ठेवायची? कारण तिच्या दोन्ही टोकांचे कोन लघुकोन असतात आणि त्यामुळे अ च्या खालचा बिंदू ब आणि क यांच्या मध्येच पडतो. उरलेल्या दोन बाजूंसाठी काही सिद्ध करावे लागत नाही. सर्वांत मोठ्या बाजूत आणखी एक बाजू मिळवली, तर ती बेरीज तिसरीपेक्षा मोठी असणारच. युक्लिडची सिद्धता वेगळी आहे, तो एक बाजू दुसरीच्या रेषेत वाढवून समद्विभुज त्रिकोण तयार करतो, पण शेवटी तोही ‘मोठ्या कोनासमोर मोठी बाजू’ याच प्रमेयावर येऊन थांबतो.

या प्रमेयाची भारतीय बाजूही सांगण्यासारखी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त एक सूत्र येते : ज्या सरळ बाजूंच्या आकृतीत एक बाजू उरलेल्या बाजूंच्या बेरजेएवढी किंवा तिच्यापेक्षा मोठी सांगितली असेल, ती आकृती नव्हे, तिला ‘अक्षेत्र’ समजावे. उदाहरण म्हणून त्यांनी ३, ६ आणि ९ अशा बाजूंचा त्रिकोण आणि ३, ६, २ आणि १२ अशा बाजूंचा चौकोन दिला आहे आणि असे माप सांगणाऱ्याला चक्क ‘धृष्ट’ म्हटले आहे. पटवून देण्याची पद्धतही त्यांनी सांगितली : त्या त्या मापाच्या सरळ काड्या बाजूंच्या जागी मांडून दाखवाव्यात. नाशिकहून चाळीसगावच्या बाजूला गेले, की पाटणे येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद असलेला शिलालेख आहे. तेव्हा ही काड्यांची युक्ती आपल्या परिसराला अगदीच परकी नाही.

ती घरी करून पाहावी. खराट्याच्या ३, ६ आणि ९ सेंटिमीटरच्या काड्या घेतल्या, तर लहान दोन काड्या मोठीवर आडव्या पडून बरोबर तिच्याएवढ्या भरतात, वर उठतच नाहीत. १० सेंटिमीटरची काडी घेतली, तर मध्ये फट राहते. ८ ची घेतली, की त्रिकोण उभा राहतो. दोन बाजू दिलेल्या असतील, तर तिसरीला किती मोकळीक आहे हेही यातून समजते. ५ आणि ८ सेंटिमीटरच्या काड्यांसोबत तिसरी काडी १३ पेक्षा लहान हवी, हे उघड आहे. पण ती ३ पेक्षा मोठीही हवी, नाहीतर ५ आणि ती मिळून ८ पर्यंत पोहोचणार नाहीत. म्हणजे तिसरी बाजू उरलेल्या दोघींच्या फरकापेक्षा मोठी आणि बेरजेपेक्षा लहान. परिमितीच्या भाषेत हेच आणखी थोडक्यात सांगता येते : कोणतीही बाजू परिमितीच्या निम्मी किंवा त्याहून जास्त असू शकत नाही. १२ सेंटिमीटर तारेतून पूर्ण सेंटिमीटरच्या बाजूंचे त्रिकोण वाकवायचे असतील, तर ६ किंवा त्याहून मोठी बाजू बाद होते आणि केवळ तीन त्रिकोण उरतात : (४, ४, ४), (३, ४, ५) आणि (२, ५, ५).

‘निम्म्यापेक्षा कमी’ या अटीतून एक सुंदर प्रश्न निघतो. एक काडी दोन ठिकाणी कशीही, कुठेही मोडली, तर तीन तुकड्यांचा त्रिकोण होण्याची संभाव्यता किती? अनेक जण निम्मी सांगतात. उत्तर पाव आहे. काडीएवढी उंची असलेला समभुज त्रिकोण काढावा. त्याच्या आतल्या कोणत्याही बिंदूपासून तिन्ही बाजूंवर टाकलेल्या लंबांची बेरीज त्या उंचीएवढीच असते, म्हणून प्रत्येक बिंदू म्हणजे काडी मोडण्याचा एक प्रकार मानता येतो. तिन्ही लंब निम्म्या उंचीपेक्षा लहान असतात ते फक्त मधल्या त्रिकोणात, जो तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडून तयार होतो, आणि त्याचे क्षेत्रफळ संपूर्णाच्या एक चतुर्थांश असते.

या असमानतेचा खरा उपयोग ‘सर्वांत कमी किती?’ या प्रकारच्या प्रश्नांत दिसतो. समजा, शिवारात चार वस्त्या आहेत, त्या जोडून बहिर्वक्र चौकोन होतो, आणि चौघांत मिळून एक विहीर खोदायची आहे. प्रत्येक वस्तीपर्यंत स्वतंत्र पाइप टाकायचा आहे आणि पाइपची एकूण लांबी कमीत कमी हवी आहे. विहीर कुठे घ्यावी? वस्त्यांना क्रमाने अ, ब, क, ड म्हणू. विहीर कुठेही घेतली, तरी अ आणि क यांना जोडणारे दोन पाइप मिळून अक या कर्णापेक्षा कमी होऊ शकत नाहीत, कारण दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा कमी नसते. तसेच ब आणि ड यांचे दोन पाइप मिळून बड पेक्षा कमी होऊ शकत नाहीत. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी किमान लांबी मिळते, ती कर्ण एकमेकांना छेदतात त्या बिंदूवर. पाणी तिथे लागेल की नाही हा भूगर्भाचा प्रश्न आहे, भूमितीचा नाही. पण हिशेबाला ना बीजगणित लागले ना कॅल्क्युलस.

दुसरा प्रश्न जुना आहे. गोदावरीच्या एकाच काठावर घर आहे आणि मळा आहे. घरून निघून नदीवर पाणी भरायचे आणि मग मळ्यात जायचे. काठ सरळ आहे असे मानू. नदीला कुठे भिडावे म्हणजे एकूण चाल सर्वांत कमी होईल? मळ्याचे नदीच्या पलीकडच्या अंगाला आरशातल्यासारखे प्रतिबिंब कल्पावे. काठावरच्या कोणत्याही बिंदूपासून मळा जितका दूर, तितकेच त्याचे प्रतिबिंबही दूर. म्हणून घर ते नदी ते मळा या वाटेची लांबी घर ते नदी ते प्रतिबिंब या वाटेएवढीच आहे, आणि ही दुसरी वाट सर्वांत कमी तेव्हाच होते, जेव्हा ती सरळ असते. घरापासून प्रतिबिंबापर्यंत सरळ रेषा काढली, की ती काठाला जिथे छेदते, तिथे पाणी भरावे. त्या ठिकाणी येणारी वाट आणि जाणारी वाट काठाशी समान कोन करतात. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने याच युक्तिवादाने आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाचा नियम समजावला होता. शाळेत आपल्याला त्याच्या नावाचे त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचे सूत्र भेटते, हे मात्र सहसा नाही.

इथपर्यंतची ‘मोठा कोन, मोठी बाजू’ ही तुलना एकाच त्रिकोणाच्या आत होती. दोन वेगवेगळ्या त्रिकोणांत ती तशीच्या तशी वापरता येत नाही. एका त्रिकोणातला ७० अंशांचा कोन आणि दुसऱ्या त्रिकोणातला ५० अंशांचा कोन पाहून त्यांच्या समोरच्या बाजूंविषयी काहीच म्हणता येत नाही. दुसरा त्रिकोण कितीही मोठा काढता येतो. तुलना करायची असेल, तर काहीतरी समान ठेवावे लागते. पहिल्या त्रिकोणाच्या दोन बाजू दुसऱ्याच्या दोन बाजूंएवढ्या असतील, तर ज्याच्यात त्या बाजूंमधला कोन मोठा, त्याची तिसरी बाजू मोठी. रंगारी वापरतात ती वर बिजागरीने जोडलेली घडीची शिडी आठवावी. तिचे पाय जितके फाकवावेत, तितके जमिनीवरचे अंतर वाढते. दाराचेही तसेच : दाराची रुंदी बदलत नाही, चौकट बदलत नाही, पण दार जितके उघडावे तितकी दाराची मोकळी कड चौकटीपासून दूर जाते. युक्लिडकडे हे २४वे विधान आहे आणि त्याचा व्यत्यास २५वे.

आता बिंदू फ कडे परत येऊ. बाह्यकोनाच्या सिद्धतेत तो बाह्यकोनाच्या आत पडतो हे आपण सपाट कागदावर पाहून मान्य केले. पृथ्वीच्या गोलावर ते नेहमी खरे नसते. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत दोन रेखावृत्ते उतरवावीत, ज्यांच्यात १२० अंशांचे अंतर आहे. विषुववृत्ताचा तुकडा ही तिसरी बाजू. रेखावृत्ते विषुववृत्ताला काटकोनात छेदतात, म्हणून खालचे दोन्ही कोन ९० अंशांचे आणि ध्रुवाजवळचा कोन १२० अंशांचा. खालच्या एका टोकाचा बाह्यकोनही ९० अंशांचाच. म्हणजे बाह्यकोन ९० आणि दूरस्थ आंतरकोन १२०. प्रमेय चक्क उलटे पडले. याच त्रिकोणात दोन बाजूंची बेरीज मात्र तिसरीपेक्षा मोठीच आहे, कारण बाजू अंशांत मोजल्या तर ९०, ९० आणि १२० आहेत, आणि सर्वांत मोठ्या कोनासमोर सर्वांत मोठी बाजूही आहे. गोलावर ही दोन प्रमेये टिकतात, पण ती सिद्ध करायला दुसरा रस्ता लागतो, कारण आपल्या उतरंडीतले सर्वांत खालचे मडकेच तिथे फुटते. गाढवाला गवत दिसले, तरी हे दिसले नसते.

मग सुरुवातीला नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीचा त्रिकोण आपण सपाट धरला, ते चुकले का? तोही पृथ्वीच्या गोलावरच आहे आणि काटेकोर बोलायचे तर त्याच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून जास्त आहे. किती जास्त, हे त्याच्या क्षेत्रफळावर ठरते. ते सुमारे ३६० चौरस किलोमीटर आहे, त्यामुळे वाढ भरते ती सुमारे २ विकला, आणि एका अंशात ३६०० विकला असतात. म्हणजे एवढ्या छोट्या त्रिकोणात सपाट धरले, तरी चालते.